जास्त वॅटची मोटर म्हणजे दमदार ई-सायकल? यवतमाळच्या चढावर हिशोब वेगळा निघतो

ई-सायकल घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोटर किती वॅटची?" आकडा जितका मोठा तितकी गाडी दमदार, असा सगळ्यांचा समज. पण वणीकडच्या सपाट रस्त्यावर सुसाट पळणारी सायकल पुसदच्या डोंगराळ भागातल्या चढावर धापा टाकू शकते. मोटर तीच, वॅट तेवढेच. मग बिघडतं कुठे?

चढावर किती जोर लागतो?

चालवणारा, सायकल आणि थोडं सामान मिळून ११० किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किमी वेगाने जायला साधारण ११० वॅट पुरतात. आता १०० मीटर अंतरात ५ मीटर चढणारा रस्ता घ्या. तिथे ताशी फक्त १५ किमी वेग ठेवायला सुमारे २९० वॅट लागतात. म्हणजे वेग कमी झाला तरी ताकद अडीचपटीहून जास्त लागते.

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर, पठारावर आहे. पूर्वेला वर्धा नदीचं खोरं, दक्षिणेला पैनगंगेचं. त्यामुळे इथे रोजच्या प्रवासात कुठे ना कुठे चढ येतोच.

बॅटरी जाते कुठे?

समजा त्या चढावर २९० पैकी ९० वॅट तुम्ही पेडल मारून देता आणि उरलेले २०० मोटर देते. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर ती बॅटरीतून २५० वॅट ओढते आणि ५० वॅटची उष्णता होते. कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली, तर त्याच कामासाठी ४०० वॅट ओढले जातात आणि उष्णता होते २०० वॅट. थेट चौपट!

५ किमीचा असा चढ २० मिनिटांत पार होतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास बॅटरीत ३६० वॅट-तास वीज मावते. चांगली मोटर त्यातले ८३ वापरेल, दुसरी १३३. एका चढात एवढा फरक पडतो, मग घरी परतताना बॅटरी संपली तर नवल नाही.

कार्यक्षमता पडते कशी? मोटरला जास्त जोर लावायचा तर जास्त करंट लागतो. करंट दुप्पट झाला की तांब्याच्या कॉइलमधली उष्णता चौपट होते. त्यात चाक हळू फिरत असेल, तर तेवढीच उष्णता होऊनही काम कमी होतं. कॉइल तापली की तिचा विरोध वाढतो आणि ती आणखी तापते. फार तापल्यास आतल्या मॅग्नेटची ताकद कायमची कमी होऊ शकते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना मोटर सुरुवातच गरम अवस्थेतून करते.

मग कोणती मोटर घ्यायची?

डायरेक्ट हब मोटर चाकाच्या वेगानेच फिरते. २६ इंची चाक ताशी १५ किमीला मिनिटाला जेमतेम १२० फेरे मारतं. आवाज नाही, देखभाल कमी. पण वजन जास्त आणि लांब चढावर लवकर तापते. सपाट रस्त्यासाठी ठीक.

गिअर हब मोटरमध्ये आत छोटे गिअर असतात. ५:१ गिअर असेल, तर त्याच वेगाला मोटर ६०० फेरे मारते. त्यामुळे कमी करंटमध्ये जास्त जोर मिळतो. गिअर कालांतराने झिजतात, पण ते बदलता येतात. चढ-उतार आणि बेताचं बजेट असेल, तर हा मधला मार्ग.

मिड ड्राइव्ह मोटर पेडलजवळ बसते आणि सायकलचेच गिअर वापरते. चढ आला की गिअर बदला, मोटर आपल्या सोयीच्या वेगात फिरत राहते. घाटासाठी उत्तम, पण महाग. चेनही लवकर झिजते.

मग १००० वॅटची का नको?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच ई-सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. हे पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने तपासलेलं असावं लागतं. त्यापुढची ताकद म्हणजे कायद्याच्या नजरेत मोटार वाहन. मग नोंदणी, लायसन्स, विमा सगळंच आलं. साध्या सायकलला १००० वॅटचा किट बसवून अपघात झाला, तर अंगाशी येऊ शकतं.

दुकानात काय विचाराल?

सांगितलेले वॅट सलग मिळणारे आहेत की क्षणभराचे 'पीक', हे आधी विचारा. मग टॉर्क विचारा. आपल्या उदाहरणातल्या चढाला चाकावर तुमच्या पेडलसह सुमारे २३ न्यूटन-मीटर लागतात. दुप्पट तीव्र चढाला ४० च्या आसपास. तपासणीचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

आणि ट्रायल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. रोजचं ओझं लादून, भर दुपारी, जवळच्या चढावर घ्या. वर पोचल्यावर बॅटरीचे किती काटे उतरले ते बघा. मोटरची खरी ताकद तिथेच कळते.