काजव्याच्या पोटात नेमकं जळतं तरी काय?



आपला शिरूर-दौंडचा पट्टा कमी पावसाचा. काजव्यांनी लखलखणारी झाडं बघायची तर भंडारदरा नाहीतर राजमाची गाठावी लागते. माझ्या वर्गातला चौथीचा एक मुलगा सुट्टीत भंडारदऱ्याला जाऊन आला. शाळा उघडल्यावर त्याने दप्तरातून काडेपेटी काढली. आत मेलेला काजवा. "बाई, तुम्ही म्हणाला होतात, याच्या पोटात फॉस्फरस असतो म्हणून हा चमकतो. पोट तर तसंच आहे, मग हा विझला कसा?"

मी गप्प! लहानपणी ऐकलेलंच मी वर्गात सांगून मोकळी झाले होते. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं, चूक माझीच होती.

काजव्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. ते एकटं चमकत नाही. उजेड पडायला या गोष्टी एकत्र याव्या लागतात:

१. ल्युसिफेरिन - म्हणजे जणू जळण.
२. ल्युसिफेरेज - ही क्रिया घडवून आणणारं विकर.
३. ऑक्सिजन.
४. एटीपी - जिवंत पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू.

सोबत थोडं मॅग्नेशियमही लागतं. यातून उजेड मिळतो, उष्णता नाममात्र. म्हणून काजव्याचं पोट भाजत नाही. एटीपीमध्ये फॉस्फरस असतो हे खरं, पण तो तर तुमच्या-माझ्या पेशीतही असतो!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. जीव गेला की पेशीत नवं एटीपी तयार होत नाही. जळण आहे, पण चूल पेटत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शास्त्रज्ञ विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 मध्ये हेच दाखवलं. काजव्यांचा विझलेला अर्क एटीपी घालताच पुन्हा उजळला. त्यासाठी लागणारे काजवे त्यांना गावातल्या मुलांनी पैसे घेऊन पकडून दिले होते.

म्हणजे हा उजेड जिवंतपणाची खूण ठरला. आज संशोधक कर्करोगाच्या पेशींमध्ये ल्युसिफेरेजचं जनुक घालतात आणि त्या पेशी उंदराच्या शरीरात वाढवतात. मग उंदराला ल्युसिफेरिन टोचतात. ऑक्सिजन आणि एटीपी पेशीत असतंच. अंधाऱ्या पेटीतला अतिसंवेदनशील कॅमेरा तो मंद उजेड टिपतो. औषधाने गाठ कमी होतेय की वाढतेय, हे उंदराला न कापता, त्याच उंदरात पुन्हा पुन्हा पाहता येतं.

हे ल्युसिफेरिन आता प्रयोगशाळेत बनतं, त्यासाठी काजवे मारावे लागत नाहीत. मग आपण तरी ते काडेपेटीत का कोंडायचे? पालकांनो, काजवे बघायला गेलात तर टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनेच शोधतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "बाईंचं चुकलं होतं." मुलं आधी हसली, मग सगळ्यांनी मिळून बरोबर उत्तर फळ्यावर लिहिलं. तुम्हीही फॉस्फरस शिकवला असेल, तर एकदा सांगून टाका. मुलं विसरत नाहीत.