बिनमार्क्याचं पोतं

लातूरच्या आडत बाजारात तुरीच्या पोत्यांची थप्पी लागताना कधी पाहिली आहे? चार व्यापाऱ्यांचा माल एकाच ट्रकमधून आला, तरी हमाल पोत्यावरचा मार्का बघतो आणि ज्याचा माल त्याच्या थप्पीला लावतो. मग मार्काच नसलेलं पोतं निघालं तर?

कॉलेजातल्या दोन नेटवर्क-स्विचमधल्या केबलवर हा प्रश्न सेकंदाला हजारदा पडू शकतो. कार्यालयाचं नेटवर्क 10 नंबरचं, लॅबचं 20 नंबरचं. यंत्रं तीच, पण आतून वेगळी घरं, हीच व्हीलॅन. दोन इमारतींना जोडणारी केबल मात्र एकच, तिला ट्रंक म्हणतात. तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पोत्याला, चार बाइटचा मार्का लागतो. हा मार्का ठरवणारं 802.1क्यू मानक 1998 मध्ये आलं. त्या चार बाइटमधले फक्त बारा बिट नंबरासाठी असतात, आणि तेवढ्यात 4,094 वेगवेगळी घरं मावतात! मला तर ही काटकसर अजूनही थक्क करते.

पण जुन्या यंत्रांना हा मार्का वाचताच येत नव्हता. शिवाय मार्का लावला की 1,518 बाइटची सर्वांत मोठी फ्रेम 1,522 ची होई, आणि काही यंत्रं ती ‘फार लांब’ म्हणून टाकून देत. म्हणून तोडगा निघाला: ट्रंकवर बिनमार्क्याचं जे येईल ते टाकायचं नाही, एका ठरलेल्या घरात न्यायचं. तेच नेटिव्ह व्हीलॅन. त्या घराचा माल ट्रंकवरून जातानाही सहसा बिनमार्क्याचाच जातो. (हा शब्द सिस्कोवाल्यांनी रूढ केला, मानकात त्याला रुक्षपणे पोर्टचा व्हीलॅन-क्रमांक म्हणतात.) आजही खोक्यातून नुकताच काढलेला वायफायचा डबा भिंतीवर लावला की त्याला मार्का-बिर्का काही कळत नसतो. त्याला नेटवर्कवरचा पहिला पत्ता मिळतो तो याच वाटेनं.

गंमत अशी, की बिनमार्क्याच्या पोत्यावर काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे दोन्ही टोकांचं एकमत लागतं. नांदेडच्या एका कॉलेजात मी अर्धा दिवस डोकं धरून बसलो होतो. कार्यालयातल्या संगणकांना पत्ते मिळत होते लॅबचे. केबल बदलली, संगणक बंद-चालू केले, काही फरक नाही. शेवटी दिसलं की ट्रंकच्या एका टोकाला नेटिव्ह 10 होतं, दुसऱ्या टोकाला 20. कार्यालयाचा माल मार्क्याविना निघत होता आणि पलीकडचा स्विच तो इमानेइतबारे लॅबच्या थप्पीला लावत होता. दोन स्विच दोन कंपन्यांचे, त्यामुळे त्यांपैकी एकानंही साधी तक्रार केली नाही.

याच भाबडेपणाचा फायदा चोरही घेतो. नेटिव्ह व्हीलॅनमध्ये बसून तो फ्रेमवर एकावर एक दोन मार्के लावतो. पहिला स्विच वरचा, नेटिव्हचा मार्का सोलून काढतो. दुसऱ्याला आतला दिसतो, आणि माल भलत्याच घरात पोचतो. उलट उत्तर येत नाही, पण खोडी काढायला एवढं पुरतं.

बहुतेक स्विच कारखान्यातून येतात तेव्हा नेटिव्ह व्हीलॅनचा नंबर 1 असतो. तुमच्या शाळेत किंवा ऑफिसात स्विचचं कपाट असेल, तर सांभाळणाऱ्याला विचारा: दोन स्विचमधल्या ट्रंकवर नंबर कोणता ठेवलाय? ‘एक’ म्हणाला, तर ज्यात एकही संगणक नाही असा एखादा रिकामा नंबर द्यायला सांगा. आणि हो, दोन्ही टोकांना.