तेय्यम : देवता अंगावर घेण्याचा विधी

तेय्यम हे उत्तर केरळातील, मुख्यतः कण्णूर आणि कासरगोड जिल्ह्यांतील विधिनृत्य आहे. तुलाम महिन्याच्या दहाव्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून, पाऊस तोंडावर येईपर्यंत त्याचा हंगाम चालतो. हे नृत्य ‘कावू’त, म्हणजे देवराईतल्या ठाण्यापुढे, किंवा जुन्या घराण्याच्या अंगणात होते. देवता अंगावर घेण्याचा मान वण्णान, मलयन, वेलन, पुलयन अशा समाजांकडे पिढीजात आहे.

तेय्यम ठरले की कलावंताला विडा देतात. तेव्हापासून तो त्या देवतेच्या रीतीप्रमाणे व्रत पाळतो. मुख्य दर्शनाआधी तो मोजक्या वेशात ठाण्यापुढे ‘तोट्टम’, म्हणजे देवतेची कथा, गातो. तेय्यमच्या अनेक देवता म्हणजे मूळची अन्यायाने मेलेली माणसे आहेत. मुच्चिलोट्ट भगवती ही मूळची वादात पंडितांना हरवणारी ब्राह्मण मुलगी. चारित्र्यावर आळ घेऊन तिला वाळीत टाकले, तेव्हा तिने अग्निप्रवेश केला.

त्यानंतर ‘मुखत्तेळुत्तु’, म्हणजे चेहरा रंगवणे. कलावंत उताणा पडतो आणि दुसरा जाणकार नारळाच्या हिराने त्याच्या चेहऱ्यावर रेषा ओढतो. तांदळाचे पीठ, हळद, हिंगूळ, हरताळ आणि काजळी यांपासून रंग बनतात. प्रत्येक देवतेचे रेखाटन ठरलेले असते. काम बारीक असल्याने त्याला कित्येक तास लागू शकतात.

पुढे अंगावर दागिने आणि वस्त्रे चढतात. काही तेय्यमांत कोवळ्या झावळ्यांचा घागराही असतो. शेवटी ठाण्यापुढे ‘मुडी’, म्हणजे शिरोभूषण, बांधतात आणि कलावंताच्या हाती आरसा देतात. आरशात त्याला देवतेचे रूप दिसते. येथून तो माणूस राहत नाही, अशी श्रद्धा आहे. चेंडा ढोलांच्या वाढत्या लयीवर तो नाचतो. तीचामुंडी हे तेय्यम तर निखाऱ्यांच्या ढिगावर पुन्हा पुन्हा स्वतःला झोकून देते.

नृत्यानंतर लोक गाऱ्हाणी मांडतात. देवता दिलासा देते, हळदीचा भंडारा देते. जातीमुळे ज्याला एरवी दूर उभे केले जाई, त्याच्यापुढे घराण्याचा कर्ताही हात जोडतो. पोट्टन तेय्यमच्या कथेत चांडाळरूपातला शिव शंकराचार्यांना याच भेदाचा जाब विचारतो. तेय्यमचे खरे मोठेपण या उलथापालथीत आहे.

मुडी उतरवली की देवता ठाण्यात परतली असे मानतात आणि विधी पूर्ण होतो.