गाण्यांखाली गेलेले आवाज

लग्नाचं शूटिंग घ्यायला मी १९८८ साली सांगलीत सुरुवात केली. खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा धरून उभं पोरगं, आणि अंतरपाट दूर होताच डोळे दिपलेले नवरा-नवरी. पंधराएक वर्षांत किती कॅसेटी भरल्या, मोजल्या नाहीत. त्याच पुढे डिस्कवर उतरवून घ्यायला दुकानात परत येत राहिल्या, आणि आम्ही काय करून बसलो होतो ते तेव्हा कळलं.

आधी व्हीसीडी आली, २०००च्या आसपास. एका व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणजे तीन तासांच्या लग्नाच्या तीन डिस्क. चित्र मूळ कॅसेटपेक्षाही फिकं, अक्षता उडाल्या की पडदाभर चौकोन. तरी लोक खूश, कारण रिवाइंड करायची कटकट गेली. कॅसेटी भंगारात गेल्या. मग डीव्हीडी आली. तिच्यावर तीच कॅसेट कितीतरी स्वच्छ उतरली असती, पण तोवर घरात उरली होती फक्त ओरखडे पडलेली व्हीसीडी. म्हणून आजही प्रत्येकाला हात जोडून सांगतो, डिस्क झाली, पेनड्राइव्ह झाला, तरी कॅसेट टाकू नका.

या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तास लागतातच, आणि ट्रॅकिंग सुटतं का ते बघत समोर बसावं लागतं. त्याआधी कॅसेटच्या खिडकीतून आत बघायचं. काळ्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली की ती बुरशी. तशीच लावली तर हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटीही बिघडवते. २००५ आणि २०१९च्या महापुरानंतर आलेल्या कॅसेटींत तर कृष्णेचा गाळ होता. खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं बाहेर घ्यायची, शुद्ध पाण्याने गाळ सोडवायचा, सावलीत वाळवायचं आणि कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवायचं. अडीचशे मीटर टेप असते ती. एकदा चुरगळली की गेलीच. घरच्यांनी आधीच उन्हात टाकलेली असेल तर आमचेही हात टेकतात.

मशीनचीही तीच गत. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आता एकाचे भाग काढून दुसरा चालवायचा.

पण मला सलतं ते आवाजाचं. कॅसेट उतरत असताना लोक शेजारी स्टुलावर बसतात. आधी हसतात, साड्या ओळखतात, "ही बघा आमची आत्या" म्हणतात. दहाएक मिनिटांनी हमखास विचारतात, "बोललेलं ऐकू येत नाही का हो?" येत नाही. कारण मिक्सिंगमध्ये आम्ही त्यावर सिनेमातली गाणी चढवली होती. पाठवणीला रडकं गाणं, पंगतीला सनई. तेव्हा हीच कलाकुसर, आणि गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट मात्र पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायचो, कारण कोरी कॅसेट महाग पडायची. म्हणजे उखाणे गेले, रुसवे गेले, मांडवातली हाकाहाक गेली. घरातली माणसं दिसतात, ओठ हलतात, आणि वरून गाणं वाजत राहतं. डीव्हीडी कितीही चांगली काढली तरी त्यावर इलाज नाही.

२०१९च्या पुरानंतर एक बाई गाळाने भरलेली कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाची, १९९१ची, शूटिंग माझंच. मिक्सिंगचे पैसे वेगळे पडतात म्हटल्यावर त्यांच्या वडिलांनी "राहू दे, आहे तशीच द्या" म्हणून कच्ची कॅसेट नेली होती. धुऊन लावली. पहिली दहा मिनिटं नुसत्या रेघा. मग पंगत दिसली, आणि पांढऱ्या टोपीतला माणूस वाढता वाढता थेट कॅमेऱ्यापुढे आला.

"काय रे बाबा, सकाळपासून उभा आहेस. जेवलास का?"

मागून माझा, चोवीस वर्षांच्या पोराचा, आवाज आला, "जेवतो दादा, एवढी पंगत होऊ द्या."

बाई म्हणाल्या, "परत एकदा लावा."