संत्र्याचा कडूपणा, थेंबाथेंबाने

वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडवट होतो. फळ नासकं नसतं. बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात एक बेचव पदार्थ असतो. फळ पिळलं की आंबट रसात त्याचं कडू लिमोनिन होतं. म्हणून बिया ठेचू नयेत, रस लगेच प्यावा.

पण कडूपणा मोजून घातला तर चव खुलवतो. 1824 मध्ये व्हेनेझुएलात डॉ. योहान सीगर्ट यांनी औषध म्हणून काढलेलं अँगोस्टुरा बिटर्स आज कॉकटेलमध्ये थेंबांनी पडतं. कडू मुळं, साली, मसाले मद्यात मुरवून असे अर्क काढतात. अँगोस्टुरात 44.7 टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे न पिणाऱ्यांना विचारूनच घालावं.

लिंबूसोड्याच्या ग्लासात दोन-तीन थेंब पुरेत. फळांच्या पेयाला संत्र्याचं बिटर्स शोभतं. मसालेदार बिटर्स मला चिंच-गुळाच्या चटणीत फार आवडतं. हात सैल सुटलाच, तर साखर ओतण्याआधी चिमूटभर मीठ घाला. मीठ जिभेवरचा कडूपणा दाबतं.

मद्य नकोच असेल तर संत्र्याची साल साखरेच्या पाकात उकळा. सुगंधाचं तेल केशरी भागात असतं. पांढरा भाग जितका ठेवाल, तितका पाक कडू.