पहिलटकरणीचा पान्हा

हा विषय आमच्यासारख्या साठी उलटलेल्या, जन्मभर खडूची धूळ खाल्लेल्या पुरुषानें हातीं घ्यावा, हें कित्येक वाचकभगिनींस चमत्कारिक वाटेल. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशीं पुरुषाचें काम संपतें, अशीच आपल्या घरांतली रीत. आणि तिच्यांत मुळींच शहाणपण नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मध्यरात्रीं दुधाचा डबा आणावयास बाहेर कोण पडतो? पुरुषच. "हिला दूध पुरत नाहीं" हा निकाल ऐकून मुकाट्यानें पैसे मोजतो तोहि पुरुषच. तेव्हां या प्रकरणीं आम्हीहि एक पक्षकार आहों, या नात्यानें हें लिहीत आहों.

गेल्या वर्षीं श्रावणांत आमची कन्या पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली. प्रसूति नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, एका खासगी रुग्णालयांत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या रात्रीं बाळ रडूं लागलें तें कांहीं केल्या थांबेना. अंगावर घेतलें कीं क्षणभर चोखी आणि तोंड फिरवून पुन्हा टाहो फोडी. मुलीच्या सासूबाई दूरध्वनीवरून घडीघडी विचारीत होत्या, खोलींत जमलेल्या आप्तस्त्रिया आपापल्या बाळंतपणाचे दाखले देत होत्या. कोणी म्हणे हिला दूधच नाहीं. कोणी म्हणे आहे, पण पातळ आहे. एकींनीं तर हिच्या आजीलाहि नव्हतें असें सांगून वंशवृक्षच मांडला. मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. एका सेविकेनें "डबा आणून ठेवा" असें सांगितलें, आणि आम्ही पायांत वहाणा सरकवून निघालों.

औषधांच्या दुकानांतील दिव्याखालीं डबा हातीं घेतला आणि जुन्या संवयीप्रमाणें त्यावरील मजकूर वाचूं लागलों. बाळासाठीं आईचें दूधच सर्वांत चांगलें, अशा अर्थाचें वाक्य त्यावर ठळक छापलेलें होतें. हें कारखानदाराचें औदार्य नव्हे. शिशूंच्या कृत्रिम दुधाविषयीं व बाटल्यांविषयीं आपल्या देशांत १९९२ सालीं कायदा झाला, आणि २००३ मध्यें तो अधिक कडक करण्यांत आला. दोन वर्षांच्या आंतील मुलांच्या अशा खाद्याची जाहिरात करतां येत नाहीं, डब्यावर बाळाचें किंवा आईचें चित्र छापतां येत नाहीं, आणि तें वाक्य मात्र छापावेंच लागतें. स्वतःविरुद्ध अशी साक्ष देणारा माल तंबाखूखेरीज दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं. तें वाक्य वाचून आमचा हात थबकला. कारण असाच एक डबा आम्हीं पूर्वीं एकदां घेतला होता, आणि ती आठवण सुखाची नाहीं.

१९८७ सालीं आम्ही जामखेड तालुक्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शाळेवर होतों. आमच्या सौभाग्यवतींस आई नव्हती, म्हणून पहिलें बाळंतपण सासरींच झालें, आणि त्याचीं सर्व सूत्रें आमच्या मातोश्रींकडे होतीं. त्यांनीं जें पाहिलें होतें तेंच केलें. पहिले तीन दिवस येणारा पिवळसर चीक "जड असतो, बाधेल" म्हणून पिळून टाकविला; मुलाला मधाचें बोट आणि गुळाचें पाणी दिलें. त्याच आठवड्यांत शेजारच्या पाटलांची म्हैस व्याली. त्यांच्या गड्यानें आधीं पारडूं पाजलें, मग उरलेला चीक तांब्याभर आमच्याकडे आणून दिला. आम्हीं त्याचा वेलदोडा घालून खरवस केला आणि मिटक्या मारीत खाल्ला! पारडाला पहिल्या कांहीं तासांत चीक मिळाला नाहीं तर तें दगावण्याची भीति असते, हें त्या गड्यास ठाऊक होतें. आमच्या पंक्तीस बसलेल्या एकाहि शिकल्या-सवरलेल्या माणसास आंतल्या खोलींतलें मूल आठवलें नाहीं. माणसाच्या मुलास रोगाशीं झुंजण्याचें कांहीं बळ गर्भांतच मिळतें हें खरें. परंतु आंतड्यांस जणूं आंतून लेप देऊन रक्षण करणारीं जीं द्रव्यें, तीं चिकांत भरपूर असतात. तो चमचाभरच येतो म्हणून त्याला कोणी दूध म्हणत नाहीं. पण पहिल्या दिवशीं बाळाच्या पोटांत एका वेळीं मावतो तोहि चमचाभरच.

चौथ्या दिवशीं दूध उतरलें तें एकदम. स्तन दगडासारखे झाले, अंगांत ताप भरला, आणि बोंडी इतकी ताणून सपाट झाली कीं मुलाला ती धरतांच येईना. धरली तर चिरा पडून रक्त येई. ज्या घरांत तीन दिवस दूध नाहीं म्हणून हळहळ चालली होती, त्याच घरांत आतां दूध असून मूल उपाशी राहिलें. आम्हीं जामखेडाहून डबा व बाटली आणली. दर खेपेस बाटली उकळावी, एवढें सरपण आणि एवढें भान कोणाजवळ होतें? दहाव्या दिवशीं मुलाला हगवण लागली. डोळे खोल गेले, टाळू खालीं बसली.

याच जामखेडास १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरास शिकलेल्या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. आरंभीं त्या भागांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत, अशी त्यांची नोंद आहे. त्यांनीं गांवोगांवच्या बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तींतल्या. त्यांस जामखेडास बोलावून शिकविलें, आणि गांवच्या बाळंतिणी व मुलें त्यांच्या हवालीं केलीं. पुढील दोन दशकांत तो आंकडा कितीतरी पटींनीं खालीं आला. १९७९ सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. हा लौकिक आम्हीं वर्तमानपत्रांतून शाळेंत मुलांना वाचून दाखविला होता. परंतु आमच्याच गांवीं हें काम करणाऱ्या बाईंस बाळंतपणाच्या वेळीं घरांत बोलवावें, असें आम्हांस सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर सुचलें होतें; पण त्या दलित वस्तींत राहत, मातोश्री सोवळ्याच्या कडक, आणि आम्ही आईपुढें बोलणारे नव्हतों.

मुलाची बातमी कळतांच बाई आपणहून आल्या आणि ओसरीखालीं उभ्या राहिल्या. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. आंतून मुलाचा आवाज आला. तो रडण्याचाहि राहिला नव्हता, मांजराच्या पिलासारखा झाला होता. मातोश्री उठल्या आणि बाळंतिणीच्या खोलीचा पडदा त्यांनीं स्वतःच्या हातानें बाजूस धरला.

बाईंनीं मुलाकडे पाहिलें मात्र, आणि आम्हांस मायलेकरांसह मिळेल त्या गाडीनें जामखेडास धाडलें. तेथें मूल सावरलें. त्यांचें खरें काम आम्ही परतल्यावर सुरू झालें. त्या रोज सकाळीं येत, "रात्रींत किती वेळां मुतला?" एवढेंच आधीं विचारीत, आणि मग खोलींतल्या सर्वांस बाहेर घालवीत, आम्हांसहि, मातोश्रींसहि. आम्हीं एकदां कारण विचारलें. त्या म्हणाल्या, "गुरुजी, म्हशीपुढं धा मानसं हुबी केली तर ती पान्हा सोडल का?"

आंत काय चाले तें सौभाग्यवतींनीं मागाहून सांगितलें. ऊन पाण्यांत बुडविलेल्या फडक्यानें शेकून, थोडें दूध हातानेंच काढून, बोंडीभोंवतालचा भाग त्या मऊ करीत. पाठ भिंतीला टेकवून बसवीत, म्हणजे आईनें बाळावर ओणवें व्हावयाचें नाहीं. बाळाचें पोट आईच्या पोटाला लावीत, त्यानें जांभईएवढें तोंड उघडीपर्यंत वाट पाहत, आणि मग बाळ स्तनाकडे आणीत, स्तन बाळाकडे नव्हे. नुसती बोंडी धरली तर चिरा पडतात आणि दूधहि येत नाहीं. भोंवतालचा काळा भागहि तोंडांत गेला पाहिजे. दुखूं लागलें तर ओठाच्या कोपऱ्यांतून बोट घालून सोडवावें आणि पुन्हा धरवावें, दहा वेळां करावें लागलें तरी. दाटलें म्हणून पाजणें थांबवावयाचें नाहीं, उलट वरचेवर पाजावयाचें. (ताप उतरत नसेल, स्तन लाल होऊन ठणकत असेल, तर मात्र वैद्यास दाखविण्यास एक दिवसहि दवडूं नये.) बाटली त्यांनीं पहिल्याच दिवशीं माळ्यावर टाकविली, वरचें दूध लागलें तेवढें वाटी-चमच्यानें दिलें, आणि तेंहि पंधरवड्यांत बंद झालें.

"पान्हा" हा शब्द संस्कृतांतील "प्रस्नव" या शब्दापासून आला, एवढें आम्हांस ठाऊक होतें; तो फुटतो कसा, हें त्या बाईंस. पुढें सेवानिवृत्तीनंतर सुश्रुतसंहिता सावकाश वाचली तेव्हां निदानस्थानांत तीच गोष्ट सांपडली. मुलाच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंहि दूध स्रवतें, आणि अखंड स्नेह हें त्याचें कारण, असें आचार्य म्हणतात; क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनीं तें नाहीसें होतें, असें शारीरस्थानांत आहे. आजचें शास्त्र हेंच दोन अंतःस्रावांच्या भाषेंत सांगतें. प्रोलॅक्टिन दूध उत्पन्न करतें, मूल जितकें ओढील तितकें अधिक, आणि रात्रीं विशेष. ऑक्सिटोसिन तें बाहेर लोटतें, व भीति, वेदना आणि संकोच यांनीं अडून बसतें. म्हणजे पहिलटकरणीच्या उशाशीं बसून चौघींनीं "हिला दूध नाहीं" असें म्हणणें, हेंच दूध अडण्याचें एक कारण होतें. मग डबा येतो. डब्यानें पोट भरलें कीं मूल कमी ओढतें, कमी ओढल्यानें दूध खरोखरच आटतें, आणि त्या चौघी म्हणतात, आम्ही सांगत नव्हतों? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांनीं आईच्या अंगांत बळ येतें, तीं अवश्य द्यावीं. पण मूल अंगावर न घेतां लाडवांनीं दूध वाढल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.

चिकाच्या बाबतींत मात्र सुश्रुताचार्यांच्या वचनानें थोडा घोटाळा केला आहे. दूध तीन-चार रात्रींनंतर प्रवृत्त होतें असें ते सांगतात, आणि तोंवर मध-तूप देण्यास सांगतात. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतें, शस्त्रक्रियेनंतर क्वचित् आणखी एखाद्या दिवसानें, एवढ्यापुरतें तें निरीक्षण अचूक आहे. परंतु चरकाचार्य जातकर्म होतांच, त्याच दिवशीं, उजवा स्तन पाजावयास सांगतात. आपल्या घरांतील रूढीनें सुश्रुताचा पक्ष धरला. जागतिक आरोग्य संघटना आज चरकाच्या बाजूस आहे, किंबहुना ती पहिल्या तासाच्या आंत अंगावर घ्यावयास सांगते, आणि पुढें सहा महिने पाणीसुद्धां नको म्हणते. मधाबद्दल मात्र दोन्ही आचार्यांस नमस्कार करून बाजूस सरावें लागतें. त्यांत एका जंतूचीं बीजें असूं शकतात व त्यांपासून तान्ह्या मुलास क्वचित्, पण भयंकर विषबाधा होते. म्हणून वर्षाच्या आंत मध देत नाहींत.

सर्वच मातांस दूध पुरतें असें आम्ही म्हणत नाहीं. कांहींचा देह खरोखर साथ देत नाहीं, कांहींचें मूल अपुऱ्या दिवसांचें असतें. अशांसाठींच १९८९ सालीं मुंबईस शीव येथील रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि इतर मातांनीं दिलेलें दूध दुबळ्या अर्भकांस मिळूं लागलें. वैद्यानें तपासून डबा सांगितला तर तो द्यावा, आणि त्या आईस कोणीं एक शब्द बोलूं नये. आमची तक्रार आहे ती दुसऱ्याच रात्रीं, न तपासतां दिलेल्या निकालाविषयीं.

तर त्या रात्रीं आम्ही डबा घेऊन परत आलों. दारांतच सौभाग्यवती उभ्या होत्या. त्यांनीं डब्याकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां सर्व मंडळीस खोलीबाहेर काढलें, आम्हांसहि. बालवैद्यांस निरोप गेला. त्यांनीं बाळ तपासलें, वजन केलें. पहिल्या दिवसांत जन्मवजनाच्या शेंकडा सात ते दहापर्यंत घट सामान्यतः होते, ही त्याहून कमी आहे, असें ते म्हणाले. आंत सौभाग्यवतींनीं लेकीस कुशीवर निजविलें, जखमेवर भार येऊं नये म्हणून, आणि दिवा मंद केला. आम्ही बाहेरच्या बांकावर डबा मांडीवर घेऊन बसलों होतों. पहांटे केव्हां तरी रडणें थांबलें. एकदां मुलीच्या हंसण्याचा आवाज आला; तो आम्हांस भासच वाटला.

आम्हांस एक काम मिळालें. जुनी वही घेऊन आम्हीं ओल्या लंगोटांचें हजेरीपत्रक घातलें, कारण पोटांत किती गेलें हें बाहेर किती आलें त्यावरूनच कळतें. तिसऱ्या दिवशीं तीन, चौथ्या दिवशीं चार, पांचव्या दिवशीं सात. पांचव्यानंतर सहांहून कमी झाले तर सांगा, असें बालवैद्यांनीं बजावलें होतें. तसा प्रसंग आला नाहीं. चौदाव्या दिवशीं बाळाचें वजन जन्मवजनाच्या वर वीस ग्रॅम भरलें. डबा न उघडतांच राहिला होता. तो घेऊन आम्ही त्याच दुकानीं गेलों. दुकानदारानें तो उलटसुलट करून पाहिला, बाळ कसें आहे म्हणून विचारलें, आणि विकलेला माल परत घेत नाहीं असें सांगितलें.