थांबलं तरी पाय टेकायचा नाही!

‘गाडी येते का हो तुम्हाला?’ असं बायकांना हमखास विचारतात. ‘गाडी थांबवता येते का?’ असं मात्र कुणी विचारत नाही. खरं तर दुचाकीचं सगळं गुपित थांबण्यातच आहे. चालती गाडी स्वतःला बरीचशी सावरते. थांबली की तिला सावरायचं काम आपल्या पायाचं. शंभरेक किलोची गाडी, पुढे भाजीची पिशवी, मागे एखादं लेकरू आणि हा सगळा डोलारा एका टेकलेल्या पायावर! माझा तो पायच रुसला, तेव्हा मला हे नीट उमगलं.

मी बार्शीत पोस्टाच्या आरडीची एजंट. घरोघरी जाऊन हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे, हे माझं काम. पुण्याच्या कायनेटिकची लूना बाजारात आली १९७२ मध्ये. माझ्या हाती आली ती लग्नानंतर, तीही सेकंडहँड. पुढे बिनगिअरची स्कूटर घेतली. दोन चाकांवर तीस वर्षं निघाली. एका सकाळी वीस-पंचवीस घरं, म्हणजे वीस-पंचवीस वेळा थांबणं आलंच.

तीन वर्षांपूर्वी ओल्या अंगणात पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हळूहळू चालायलाही लागले. पण भार पेलायची ताकद काही त्या पायात परत आली नाही. मग आमचे हे मला मागे बसवून न्यायचे. एखाद्या घरी दोन मिनिटं जास्त बोलले, की बाहेर हॉर्न! त्यांना त्यांची कामं, मला माझी. आणि आरडीचा हप्ता चुकला की गिऱ्हाइकाला शंभरामागे रुपया दंड. दुसऱ्याच्या पैशाचं काम असं कुणाच्या सवडीवर कसं चालायचं?

लेक म्हणाला, ‘‘आई, साइड व्हील लावून घे.’’ थोरल्या जाऊबाईंनी लगेच नाक मुरडलं. ‘‘अगं बाई, अपंगाची गाडी? लोक काय म्हणतील!’’

माझ्याही मनात कुठेतरी तेच होतं. आपल्या लहानपणी अशा गाडीवर दिसायची ती पोलिओ झालेली माणसं. आता आपल्या देशात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडल्याला वर्षं झाली; ते साल होतं २०११. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. पण मोडलेला खुबा, अपघात, अर्धांगवायू, मधुमेहानं गेलेला पाय... ही कारणं कुठे संपलीत? ती तर कुणाच्याही दारात येऊ शकतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हटलं होतं, म्हणजे जवळजवळ ‘पांगळ्याची गाडी’च! २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’ आला. म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेली गाडी. ब्लाउज नाही का आपण आपल्या मापाचा करून घेत? तसंच हे!

माझ्या स्कूटरचं मागचं चाक तसंच ठेवून दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडलं. मोजली तर चाकं चार, पण गाव तिला तीनचाकीच म्हणतं. जोडून देणाऱ्या मेकॅनिकचा पहिला हुकूम होता, ‘‘ताई, काही झालं तरी पाय फळीवरच!’’ कारण पाय खाली सोडला, तर मागून येणारं बाजूचं चाक त्याच्यावरूनच जायचं. इकडे तीस वर्षांची सवय अशी, की ब्रेक दाबला की पाय आपोआप खाली जाऊ पाहणार. आठवडाभर मोकळ्या मैदानावर मी फक्त थांबण्याचा सराव केला.

मग वळण. दुचाकी वळणावर आपल्यासकट आत झुकते. ही बाई झुकतच नाही! हँडल मुद्दाम वळवावं लागतं आणि अंग बाहेर फेकलं जातं. म्हणून वळणाआधीच वेग कमी करायचा आणि आपण कमरेपासून आतल्या बाजूला कलायचं. वेगात वळवली, तर आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. चाकं वाढली म्हणजे गाडी पडणारच नाही, असं कुणी समजू नये.

रस्त्याच्या कडेला उतार असतो, तिथे गाडी कडेकडेनं ओढली जाते. दुचाकीवर खड्डा चुकवता येतो. इथे एक चुकवला, तर दुसऱ्या चाकाखाली येतो. स्पीडब्रेकर तिरका नाही, सरळच ओलांडायचा. खोलगट जागी बाजूची चाकं टेकतात आणि मधलं अधांतरी फिरत राहतं. म्हणून चाकांची उंची नीट लावून घ्यायची. गाडी रुंद झाल्यानं बोळात शिरता येत नाही, ती तोंडाशीच लावावी लागते. आणि गाडी मागे ढकलायला जड, म्हणून लावतानाच निघायची दिशा बघून ठेवायची.

आणि मैत्रिणींनो, कागदपत्रांचा कंटाळा करू नका. गाडीत असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते आणि आरसी बुकात त्याची नोंद व्हावी लागते. लायसन्सवरही या प्रकारच्या गाडीची नोंद हवी. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर नेमक्या वेळी अडचण यायची. अपंगत्वाचा दाखला काढायलाही लाजू नका. तो कागद आपल्या सोयीसाठी आहे.

जुनी गाडी आठवते का? आठवते ना! वळणावर ती अलगद कलायची, तेव्हा अंगावरून वारा जायचा, ते सुख आता नाही. गल्लीतल्या गर्दीतून सुर्रकन निघणंही गेलं. पण सिग्नलला गाडी थांबते आणि मी आरामात बसून असते. कुणाच्या दारात गाडीवर बसूनच पासबुकात नोंद करते. घरातून निघताना कुणाला ‘जरा सोडता का?’ म्हणावं लागत नाही आणि परतताना कुणाची वाट बघावी लागत नाही. पंचवीस घरं पुन्हा माझी मीच करते.

परवा जाऊबाईंचा गुडघा धरला होता. जरा आढेवेढे घेत म्हणाल्या, ‘‘मला डॉक्टरांकडे सोडतेस का गं?’’ मागे बसल्या, माझा खांदा घट्ट धरला. दवाखान्यापाशी गाडी थांबली, तरी उतरेनात. मी म्हटलं, ‘‘अहो जाऊबाई, आलं की!’’

तर म्हणतात, ‘‘थांब गं जरा. किती निवांत बसता येतं हिच्यावर!’’